पंगत उठेपर्यंत

परवा हर्नडनहून देशकरकाकूंचा फोन आला. मागच्या हिवाळ्यात त्या तिकडे लेकीकडे राहायला गेल्या. तब्येत, हवा, नातवाचं कॉलेज हे सगळं दोन वाक्यांत उरकून त्यांनी विचारलं, "यंदा वॉरंटमध्ये काय काय आहे रे?" आमच्या गावसभेच्या विषयपत्रिकेला इकडे वॉरंट म्हणतात. ती पुस्तिका दर वसंतात घरोघरी टपालाने येते आणि बहुतेक घरांत पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जाते. मी म्हटलं, "अजून वाचलं नाही काकू." त्या म्हणाल्या, "वाच. मग फोन कर." आणि खट्कन फोन बंद.

मी मुकाट्याने कचऱ्याचा डबा उपसला. आमच्या घरात देशकरकाकूंना नाही म्हणायची टाप कोणाचीच नव्हती, आणि त्या दोनशे कोस लांब गेल्या तरी ती अजून आलेली नाही.

आमचं इथलं, अमेरिकेतलं गाव श्रूजबरीला खेटून आहे. श्रूजबरी आता ऐसपैस झालंय, तिथे लोकांनी निवडलेले सभासद गावसभेला बसतात. आमच्याकडे मात्र जुनीच रीत. ज्याचं नाव मतदार यादीत आहे त्याने संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये यावं, लोखंडी खुर्चीवर बसावं, आणि गावाने बर्फ काढायचा ट्रक घ्यायचा का इथपासून ते शाळा वाढवायची का इथपर्यंत सगळं रंगीत कार्ड वर करून ठरवावं. मध्ये ना आमदार, ना नगरसेवक. मी मूळचा सांगलीचा. राजकारण म्हणजे आपण फक्त चहा पिताना ज्याच्याबद्दल बोलायचं ते, अशी माझी समजूत. अमेरिकेतसुद्धा तेच चालू होतं, फक्त चहाऐवजी कॉफी.

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच जिममध्ये. माझं तेव्हा अजून ग्रीन कार्ड होतं, म्हणजे कर भरायचा पण मत द्यायचं नाही. अशा लोकांसाठी एका बाजूला दोरी बांधून चार खुर्च्या ठेवतात. मी गंमत बघायला गेलो होतो. समोर मतदारांच्या रांगांमध्ये बऱ्याच गोऱ्या आज्या स्वेटर विणत बसलेल्या. सभा लांबते, म्हणून ही जुनी सवय. आणि त्यांच्या मधोमध फिकट निळी सुती साडी, वर पुरुषी जाड कोट, मे महिन्यात पायात बर्फाचे बूट अशी एक मराठी बाई. तिच्या मांडीवर कापसाचा पुंजका होता आणि ती शांतपणे वाती वळत होती.

शेजारच्या आजींनी न राहवून विचारलं असावं, कारण काकूंनी एक वात त्यांच्या हातात देऊन काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. पुढे कधीतरी मी काकूंना विचारलं, "काय सांगितलंत हो त्यांना?" त्या म्हणाल्या, "सांगितलं, तुम्ही नातवंडांचं विणता, मी देवाचं विणते. तिला पटलं."

मग अग्निशमन दलाच्या नव्या बंबाचा विषय निघाला. काकू उठल्या, माइकपाशी गेल्या, रिवाजाप्रमाणे आधी नाव आणि रस्ता सांगितला. "प्रमिला देशकर, मिल रोड." मग एकच प्रश्न. "जुन्या बंबाला नेमकं काय झालंय?" दलाचा प्रमुख, सहा फुटी गडी, तो सांगू लागला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या गुडघ्याचंच वर्णन आहे. मी अजून चालतेय." जिम हसून लोटपोट. बंब मात्र मंजूर झाला, आणि काकूंनीही त्याच्या बाजूनेच कार्ड वर केलं. मंजूर करायचाच होता, फक्त विचारल्याशिवाय नाही.

परत जाताना त्यांची नजर दोरीपलीकडे माझ्यावर पडली. चेहऱ्यावरून मराठी ओळखायची त्यांची हातोटी होती. "काय करून राहिलास तिथे कुंपणाबाहेर?" मी ग्रीन कार्डाचं सांगितलं. "मग सिटिझनशिपचा अर्ज कधी?" मी म्हटलं, "बघू, घाई काय." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी जाऊन तो अर्ज भरायलाच घेतला.

काकू नागपूरच्या. तिथून मेडिकल करून इकडे आल्या तेव्हा आमच्यातले निम्मे लोक जन्मलेले नव्हते. वूस्टरच्या एका हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या. त्यांचे यजमान श्रीधरकाका गेले, दोन्ही मुलं लांब, आणि निवृत्तीनंतर काकूंनी गाव मनावर घेतलं. "जन्मभर माणसांना झोपवलं," त्या म्हणायच्या, "आता थोडं जागं ठेवते." स्वयंपाक यथातथा. सभेत फूट पडू देत नसत, पण त्यांची कढी हमखास फुटायची, आणि ती आम्ही तोंड वाकडं न करता प्यायचो. कोणी मागच्या रांगेत कुजबुजलं की वळून म्हणायच्या, "तोंडातल्या तोंडात बोललेलं सभेच्या मिनिट्समध्ये येत नाही." भांडणात त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जायचा. ऑपरेशन थिएटरची सवय असावी.

मी नागरिकत्वाची शपथ घेऊन आलो त्या संध्याकाळी काकू दारात हजर. बायको पेढे घेऊन पुढे आली तर म्हणाल्या, "पेढा देतेस ते दे, पण आधी याचं नाव यादीत घालायला टाउन हॉलवर कधी जाता ते सांग." असं त्यांनी गावातल्या एकेका मराठी घराचं केलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण काय लुटावं? बसायच्या उशा. चांगल्या जाड, कापडी पट्ट्याने खुर्चीला बांधता येणाऱ्या. बायका हसल्या, "काकू, हे काय?" तर म्हणाल्या, "जिमच्या खुर्च्या कडक असतात. पाठ दुखते म्हणून उठून जाता ना? आता सबब नको." आमच्या घरात ती उशी मी स्वयंपाकघरात वापरायला काढली तेव्हा बायकोने हातातून काढून घेतली. "ती मीटिंगची आहे."

उशांचं हे काकूंनी का आरंभलं, त्यालाही एक कारण होतं. उशांच्या आदल्या वर्षी आम्ही एक अशी फजिती करून घेतली होती की तिची आठवण आली की मंदार अजून विषय बदलतो. मंदार माझा मित्र, आमच्या कंपूतला सगळ्यात बोलका.

झालं होतं असं. गावची शाळा अपुरी पडू लागली होती. माझ्या मुलीचा वर्ग लायब्ररीच्या एका कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाआड भरायचा. शाळा वाढवायची तर घरपट्टी वाढणार, आणि तशी वाढवायला गावसभेची मंजुरी हवी. आम्ही सगळे देशी आईबाप पहिल्यांदाच एकगठ्ठा गेलो. जिममध्ये खुर्च्या कमी पडल्या. भाषणं झाली, कार्डं वर झाली, मंजूर! आम्ही टाळ्या पिटल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि सगळेच्या सगळे मंदारकडे मिसळ खायला निघून गेलो. काकू तेवढ्या बसून राहिल्या. "अजून विषय आहेत," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, "तुम्ही या मागून."

त्या मागून आल्या. दारात बूट काढले, आत आल्या, बशी हातात घेतली, मिसळीचा एक घास खाल्ला. "तर्री बरी आहे," म्हणाल्या. "शाळा पडली."

आम्हाला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. सभेत एकदा ठरलेला विषय त्याच संध्याकाळी पुन्हा मताला घ्या अशी मागणी करता येते. आम्ही गेल्यावर वॉल्टर नावाचा एक जुना गावकरी उठला आणि त्याने तशी मागणी केली. जिममध्ये उरले होते ते बहुतेक जुने लोक. मागणी मान्य झाली, पुन्हा मतदान झालं, आणि शाळा गेली. काकूंनी आमचे फोन वाजवले होते, पण आमचे फोन कोटांच्या खिशात आणि कोट मंदारच्या पलंगावर.

"ही तर चीटिंग आहे!" मंदार ओरडला.

"चीटिंग कसली? तुमच्या घरात कोणी चोर शिरला नाही. तुम्हीच दार सताड उघडं टाकून मिसळ खायला आलात." आणि काकूंनी वर आणखी तर्री घेतली.

हा वॉल्टर म्हणजे काकूंचा सख्खा शेजारी. मिल रोडवर दोघांची घरं लागून. त्याच्या आजोबांची सफरचंदांची बाग होती, ती तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊन आता घर, चार झाडं आणि रस्त्याकडेची दगडी भिंत एवढंच उरलेलं. स्वतः सुतारकाम करून निवृत्त झालेला. बायको गेलेली. हिवाळ्यात तो आपला ट्रक घेऊन काकूंच्या दारातला बर्फ न सांगता काढायचा, आणि काकू त्याला लिंबाचं लोणचं द्यायच्या, जे तो चीज सँडविचमध्ये घालून खायचा. आणि गावातल्या प्रत्येक प्रश्नावर दोघांचं मत बरोब्बर उलटं. कुंपणापाशी उभे राहून दोघं भांडायचे, आणि भांडण झालं की आपापल्या घरात जाऊन दिवे लावायचे.

त्या फजितीनंतर आम्ही वॉल्टरचं नाव काढलं की दात-ओठ खायचो. काकू एकदा म्हणाल्या, "त्याने मला काय सांगितलं माहितेय? म्हणाला, प्रमिला, तुझे लोक शाळेसाठी येतात. मुलं कॉलेजला गेली की घर विकून जातात. शाळेचं बिल मात्र आमच्यापाशी ठेवून जातात."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? खरं बोलला मेला. माझीच मुलं कुठे आहेत?"

आणि त्यांनी पुढचं सांगितलं, जे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही आलो, शाळा चांगली म्हणून आणखी लोक आले, घरांच्या किमती चढल्या, आणि किमतीमागे घरपट्टी. आमचे पगार चढत होते, आम्हाला ती कळली नाही. वॉल्टरला कळत होती. शाळा मंजूर झाली की तो घर विकून फ्लोरिडाला मुलाकडे जाणार होता. "तिथे मला सकाळी उन्हात बसवतील आणि संध्याकाळी आत घेतील," असं तो काकूंना म्हणाला होता. तो हसत म्हणाला होता, पण काकू ते सांगताना हसल्या नाहीत.

मग काकूंनी दोन्ही करायचं ठरवलं. पुढच्या सभेत शाळेचा विषय पुन्हा येणार होताच. त्यासाठी त्या दारोदार हिंडल्या. आणि सह्या गोळा करून त्यांनी आणखी एक विषय वॉरंटमध्ये घातला: बेताच्या उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांना घरपट्टीत सूट. वॉल्टरने त्यावर सही केली नाही. "मला दान नको," म्हणाला. काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी कोण करतंय? शेजारी नवीन कोण येईल आणि त्याला बर्फ काढता येईल का, मला काय माहीत."

आमच्यात मात्र चुळबुळ सुरू झाली. मंदारने फोनवर हिशोब केला. "म्हणजे सूट त्यांना, आणि तो भार आपल्या घरपट्टीवर? काकू, पटत नाही यार. त्यांनी आपल्या मुलांची शाळा पाडली."

"नको पटू दे," काकू म्हणाल्या. "तिथे येऊन तसं बोल. पण बस."

ती सभा मला अजून लख्ख आठवते. शाळेचा विषय मध्यावर होता, सूट अगदी शेवटी. जिम भरलेलं, आमच्या बायका उशा बांधून बसलेल्या, काकूंच्या मांडीवर कापूस. वॉल्टर पुढच्या रांगेत टोपी घालून. शाळेवर तो विरुद्ध बोलला, आणि चांगलं बोलला. नंतर आम्ही बोललो. मोजणी झाली. शाळा मंजूर.

टाळ्या थांबायच्या आत काकू माइकवर. "प्रमिला देशकर, मिल रोड. मॅडम मॉडरेटर, हा विषय पुन्हा मताला घ्यावा अशी माझी मागणी आहे."

मंदार ताडकन उठला. "अरे यार, काकू फिरल्या!" इकडे गोंधळ, तिकडे जुने लोक चकित. आणि काकू त्याच माइकमधून, सगळ्या जिमला ऐकू जाईल अशा खणखणीत मराठीत म्हणाल्या, "मंदार, खाली बस. हो म्हणायला सांगतील तेव्हा आपल्यापैकी कोणीही कार्ड वर करायचं नाही. हात मांडीवर!"

मॉडरेटर, म्हणजे सभेची अध्यक्ष, ही एक उंच, शांत बाई. तिने चष्मा काढला. "मिसेस देशकर, सभेत इंग्रजीच बोलावं असा नियम मला कुठे सापडलेला नाही. तरी आम्हाला कळेल का?"

"मी त्यांना माझ्याच मागणीच्या विरुद्ध मत द्यायला सांगितलं, मॅडम मॉडरेटर."

आधी पुढची रांग हसली. वॉल्टर हसला, मान हलवत, कारण डाव सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आला. पुन्हा मत घेण्याची मागणी एकदाच करता येते. ती फेटाळली गेली की तो विषय त्या सभेपुरता कायमचा बंद. आम्ही सगळे जागेवर असताना काकूंनी ती मागणी स्वतःच केली, आम्ही ती पाडली, आणि शाळेच्या दाराला कुलूप बसलं. आता कोणी कुठेही मिसळ खायला गेलं तरी चालणार होतं.

आणि अर्थात, लोक उठलेच. मुलांना उद्या शाळा, बेबीसिटर वाट बघतेय, काम झालंय. कोट चढले, उशांचे पट्टे सुटू लागले. शेवटच्या विषयाला अजून अवकाश होता. मी पाहिलं तर काकू माइकपासून काठी टेकत टेकत सरळ मागच्या दारापाशी आल्या होत्या. दार अडवलं नाही त्यांनी. बाजूला उभ्या राहिल्या. मघाचा खणखणीत आवाज आता अगदी खाली गेला होता.

"पानावरून उठू नका रे."

"काकू, आपलं काम झालं ना," मंदार म्हणाला.

"तुझं जेवण झालं. शेजारच्या पानात अजून भात पडायचाय. पंगत उठल्याशिवाय उठतं का कोणी? घरी असं करशील?"

"पण काकू, तो माणूस आपल्या विरुद्ध बोलला. आत्ता. तुमच्यासमोर."

"बोलला. तोंडावर बोलला, घरी बसून शिव्या नाही दिल्या." त्या काठी टेकत मंदारजवळ गेल्या. "मंदार, मी या गावात आले तेव्हा याच लोकांनी सरकून मला बसायला जागा दिली. सगळ्यांनी नाही दिली, पण दिली. आता आपलं पान वाढलं म्हणून आपण दुसऱ्याला उठवायचं का? तो गेला तर ती शाळा मला गोड लागायची नाही."

मग मंदारची बायको प्राची, जी अर्धा कोट घालून उभी होती, तिने तो काढला. "मी बसते," म्हणाली. "उशी आहे माझ्याकडे." ती गेली आणि परत पट्टा बांधून बसली. मग दुसरी बसली. मग आम्ही पुरुष, कारण गाड्यांच्या किल्ल्या बायकांच्या पर्समध्ये होत्या. सगळे नाही थांबले. काही गेलेच, आणि काकूंनी त्यांना "सावकाश जा, रस्त्यात हरणं असतात," म्हणून निरोप दिला.

शेवटचा विषय आला तेव्हा जिम अर्धं रिकामं होतं. गंमत म्हणजे त्याला विरोध केला तो एका जुन्याच आजोबांनी. आम्ही आमचं आम्ही भरत आलोय, असं त्यांचं म्हणणं. मंदारही उठला. मला वाटलं, आता हा हिशोब वाचून दाखवणार. तो म्हणाला, "यातला आकडा मला पटत नाही. पण मी याच्या बाजूने मत देणार आहे." आणि बसला. कार्डं मोजायला माणसं फिरली. मंजूर झालं, अगदी थोडक्यात. आम्ही उठून गेलो असतो तर पडलं असतं, हे सांगायला मोजणीची गरज नव्हती.

वॉल्टरने त्या विषयावर ना बाजूने कार्ड वर केलं, ना विरुद्ध. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. सभा संपल्यावर तो काकूंपाशी आला, टोपी काढली, आणि म्हणाला, "प्रमिला, तू फार वेळ बोलतेस." मग निघून गेला. फ्लोरिडाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

काकूंना मी घरी सोडत होतो. मला एक गोष्ट छळत होती. "काकू, शाळेला कुलूप आधी का लावलंत? तसंच ठेवलं असतं तर पुन्हा मत घेतील या भीतीने सगळे शेवटपर्यंत बसले असते. तुमचं काम सोपं झालं असतं."

"हो ना," काकू म्हणाल्या. "पण भीतीने बसलेला माणूस पुढच्या वर्षी नाही येत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मला बघायचं होतं, कोणी थांबतं का." त्या रात्री त्यांच्याइतकं खूश मी कोणाला पाहिलं नाही. मलाही फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं या देशात राहून मी कामाला जायचो, कर भरायचो, गवत कापायचो. त्या दिवशी प्रथमच मी इथला झालो.

काकूंना शेवटचं सभेत पाहिलं ते त्यानंतर एका वर्षाने. हर्नडनला जायचं तेव्हा ठरलं नव्हतं, पण लेकीचा तगादा सुरू होता. गुडघे फारच कुरकुरत होते. त्यांनी आणलेला विषय या वेळी स्वतःचा होता. मिल रोडला फुटपाथ. त्या रस्त्यावर गाड्या भरधाव जातात, कडेने चालायला जागा नाही, आणि डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलेलं. फुटपाथ झाला तर मी आणखी काही वर्षं या घरात काढीन, असं त्या लेकीला सांगत होत्या. आम्ही सगळे त्यांच्या बाजूने गेलो होतो. काकू बोलल्या, नेहमीपेक्षा थोडक्यात.

मग पुढच्या रांगेतून वॉल्टर उठला. टोपी काढून माइकपाशी आला. फुटपाथ करायचा तर त्याच्या आजोबांनी रचलेली दगडी भिंत मागे सरकवावी लागणार होती आणि तिच्याकडेचा जुना मेपल तोडावा लागणार होता. त्याने ते सांगितलं. भिंतीचा एकेक दगड कुठल्या शेतातून आला तेही सांगितलं. मग म्हणाला, "मिसेस देशकर माझ्या सगळ्यात चांगल्या शेजारी आहेत. आणि मी तुम्हाला त्यांच्या विरुद्ध मत द्यायची विनंती करतो."

फुटपाथ पडला. फार थोड्या मतांनी. मी मोजणाऱ्यांकडे बघत होतो, काकू वॉल्टरकडे बघत होत्या.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांची उशी आणि पिशवी घेऊन चालत होतो. मला राग आला होता, आणि मी तो बोलून दाखवला. "काकू, गेल्या वर्षी आम्ही उठून गेलो असतो ना, तर आज हा इथे नसता. तुमचा फुटपाथ झाला असता."

"झाला असता," काकू म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, आणि लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. मग त्या काठीवर थांबल्या आणि हसल्या. "पण बोलला किती छान रे! याच्यासाठीच तर ठेवून घेतला त्याला गावात."

वॉल्टरचा ट्रक आमच्यापुढे येऊन थांबला. तो उतरला, मागून लाकडी पाट काढून पायरीसारखा खाली ठेवला, बहुधा स्वतःच केलेला, आणि काकूंना हात दिला. काकू चढल्या. उशी आणि पिशवी मी आत सरकवली. दार लागायच्या आधीच त्यांनी सुरू केलं होतं, "दोन फूट भिंत सरकवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं का, वॉल्टर?" मराठीत. मग लक्षात येऊन इंग्रजीत.

ट्रक पार्किंगच्या तोंडाशी जाऊन थांबला. दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा होता. मागच्या काचेतून काकूंचा हात वर-खाली होताना दिसत होता आणि वॉल्टरची मान नाही-नाही म्हणत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे ट्रक हलला.